रिकामा रकाना

आपल्या धर्मग्रामातील काही ज्येष्ठ बंधुभगिनी इंग्लंड, अमेरिका, कॅनडा अशा देशांत वर्षानुवर्षे राबून गावी परतले आहेत. त्यांना तिथली पेन्शन मिळते. उतारवयात तो मोठा आधार आहे. त्याबद्दल देवाचे आभारच मानायला हवेत. मात्र आयकराचे दिवस आले की प्रश्न पडतो : ही पेन्शन विवरणपत्रात दाखवायची का?

विवरणपत्र आता संगणकावर भरले जाते. पॅन क्रमांक टाकला की इथल्या बँकेचे व्याज, इथली पेन्शन, लाभांश असे बरेच काही आपोआप समोर येते. परदेशी पेन्शनचा रकाना मात्र सहसा रिकामाच असतो. परदेशात उत्पन्न किंवा खाते आहे का, या प्रश्नाला ‘नाही’ म्हटले की पुढची किचकट पाने उघडतच नाहीत. मग मन म्हणते, ‘मी खोटे कुठे बोललो? सॉफ्टवेअरने धरले नाही, त्यात माझा काय दोष?’

पण विवरणपत्राच्या शेवटी आपण लिहून देतो की, दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. नुसती खरी नव्हे, पूर्णही. फॉर्म मुलाने भरला, भाच्याने भरला किंवा सल्लागाराने भरला, तरी साक्ष आपलीच असते. ‘तेवढे राहू दे रे बाबा’ असे त्या तरुणाला सांगताना आठव्या आज्ञेविरुद्धचा धडा आपण त्याला घरातच देत असतो.

काही जण म्हणतात, ‘पैसा तिथे कमावला, इथे कर कशाला?’ कायद्याने भारताचा सर्वसाधारण रहिवासी ठरलेल्या माणसाचे जगभरचे उत्पन्न इथे मोजले जाते, मग तो पैसा परदेशी बँकेत का असेना. नुकतेच परतलेल्यांना काही काळ सूट मिळू शकते. शिवाय एकाच पैशावर दोनदा कर पडू नये म्हणून भारताने अनेक देशांशी करार केले आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी पेन्शनवर करारानुसार फक्त अमेरिकाच कर लावू शकते. तिथल्या खासगी कंपनीच्या पेन्शनवर मात्र इथल्या रहिवाशाला भारतात कर लागतो. अशी हक्काची सवलत जरूर घ्यावी. सवलत मागणारा सगळे उघड मांडून मागतो. लपवणारा स्वतःच निवाडा करून मोकळा होतो.

‘सरकार पैसा उधळते’ ही तक्रार अधिक गंभीर आहे. पण प्रभू येशूच्या काळी कर परक्या रोमी सत्तेला जात होता, तरी नाण्यावरील मुद्रा पाहून त्याने कैसराचा वाटा नाकारला नाही (मत्तय 22:15-22). न्याय्य कर चुकवणाऱ्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली स्पष्ट शब्दांत दोष दिला. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही कर भरणे हे नैतिक कर्तव्य मानतो (क्र. 2240). उधळपट्टीचा जाब विचारावा, विचारपूर्वक मत द्यावे. पण आपला वाटा गुपचूप कापून घेऊ नये. कारण त्याचा भार मंत्र्यांवर पडत नाही. पगार हाती येण्याआधीच ज्यांचा कर कापला जातो त्या शिक्षिकेवर, कारकुनावर तो पडतो. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या गरिबावर पडतो.

परदेशी मालमत्ता दडवणाऱ्यांसाठी 2015 चा कडक कायदा आहे, आणि अनेक देश खात्यांची माहिती आता एकमेकांना कळवतात. पण पकडले जाण्याच्या भीतीने खरे बोलणे हा ख्रिस्ती मार्ग नव्हे. जक्कयवर कोणी खटला भरला नव्हता. येशू घरी आला तेव्हा तो आपणहून उभा राहिला आणि त्याने हिशेब मांडला (लूक 19:1-10).

मागे काही दाखवायचे राहिले असेल, तर ठरलेल्या मुदतीत जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र देता येते. पेन्शनची कागदपत्रे काढा, जाणकाराला दाखवा, आणि यंदा त्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहा. कदाचित चार पैसे कमी उरतील. पण जे उरतील ते कोणापासून लपवावे लागणार नाहीत.