भाव पुरतो, पण कोणाला?



नारदाच्या गादीवर मी चाळीस वर्षे उभा राहिलो. आता गळा साथ देत नाही आणि गुडघे तर मुळीच देत नाहीत, म्हणून कीर्तन थांबले. पण कीर्तनात जे सांगितले, ते घरी बसल्यावर मनात पुन्हा उभे राहते आणि विचारते, "बुवा, तुम्ही सांगितलेत ते खरे होते का?" त्यातलाच एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. मी शेकडो वेळा सांगितले की देव भावाचा भुकेला आहे. भाव शुद्ध असला म्हणजे बाकी सारे आपोआप नीट होते. हे कुठपर्यंत खरे आहे?

आमचे ठाणे तलावांचे शहर. मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वर महादेव आहे. पुढे कचराळी, उपवन, आणि तिकडे कल्याणला काळा तलाव. तलावाकाठी देऊळ आणि देवळापुढे पाणी, ही आपली जुनी रीत. कार्तिकात काकडा आटोपला की मी आमच्या भागातल्या एका तलावावर जात असे. पंचाच्या टोकाला कणकेच्या गोळ्या बांधलेल्या असत. अंधुक उजेडात मासे पाण्याच्या वर तोंडे काढून उघडझाप करीत असत. मला वाटे, बिचारी भुकेली आहेत, माझी वाट पाहत आहेत. मी गोळ्या टाकी. देवळातले निर्माल्यही पाण्यातच सोडी, पायदळी येऊ नये म्हणून. कित्येक वर्षे हे चालले. घरी येताना मन कसे हलके असायचे.

एके वर्षी वैशाखात ढगाळ उकाड्याचे चार दिवस गेले आणि पहाटे पाहतो तर काठाला मेलेले मासे लागलेले. काही अजून तोंड वर काढून तडफडत होते. मी घाईघाईने पंचा सोडला. तिथे जाळे घेऊन एक वयस्क कोळीबांधव उभा होता. तो म्हणाला, "बुवा, भूक नाय ती. दम कोंडलाय त्यांचा. आणखी नका टाकू."

सज्जनहो, त्या एका वाक्याने माझी चाळीस वर्षांची पोथी हातातून गळाली. माझ्या गळ्यात तुळशीची माळ, मी मासा कधी जिभेला लावला नाही. आणि माशाला काय हवे, हे जाळेवाल्याला कळत होते, माळेवाल्याला नाही!

मग मी विचारून घेतले, ते आपणही समजून घ्यावे. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. दिवसा उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती तो तयार करतात, पण रात्री त्याही तो वापरतात. म्हणून पहाटे, आपल्या काकड्याच्या वेळी, पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात ढगाळ दिवस आले की दिवसाची कमाईही घटते. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू मावतच नाही. 4 अंशांच्या गार पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 13 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. आणि त्याच पाण्यात आपण फुले, दुर्वा, कणीक, पोळ्या टाकल्या की ते कुजते. कुजवणारे सूक्ष्म जीवही तोच प्राणवायू ओढतात. म्हणजे माझी एकेक गोळी त्या जीवांच्या तोंडचा श्वास काढून घेत होती. मी त्याला अन्नदान म्हणत होतो.

माझा भाचा कॅनडात टोरांटोजवळ राहतो. घरामागे त्याने लहानसे तळे केले आहे, कमरेइतके खोल. मागच्या माघात त्याने फोनवर ते दाखवले. सगळे पांढरे, पाण्यावर बर्फाची लादी. मी घाबरून विचारले, "अरे, मासे?" तो म्हणाला, "मामा, खाली जिवंत आहेत. पाणी 4 अंशांना सर्वांत जड होते, ते तळाशी बसते. बर्फ हलका, म्हणून वर तरंगतो. खाली ते गोठत नाहीत." मी विचारले, "मग त्यांना खायला काय घालतोस?" तो म्हणाला, "काहीच नाही. एवढ्या थंडीत त्यांना पचत नाही. टाकले तर कुजेल."

मला ते निष्ठुर वाटले. पण मग तो काय काय करतो ते ऐकले. पानगळीत तळ्यात पडलेली पाने तो जाळीने काढतो, कारण तीच पुढे बर्फाखाली कुजतात. बर्फावर साचलेला हिमाचा थर झाडून काढतो, म्हणजे खालच्या वनस्पतींना उजेड मिळतो. आणि बर्फात एक भोक उघडे ठेवतो, म्हणजे आतला कुजका वायू बाहेर जातो. ते भोक तो हातोडीने पाडत नाही. त्या धक्क्याने खालच्या माशांना इजा होते. गरम पाण्याचे पातेले बर्फावर ठेवतो आणि वितळेपर्यंत त्या कडाक्यात उभा राहतो. काही टाकत नाही, काही वाजवत नाही. केवळ एक श्वासाची वाट मोकळी ठेवतो. मी मनात म्हटले, अरे, याला भूतदया म्हणतात.

आता भागवताच्या आठव्या स्कंधातली कथा पाहा. राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करीत होता, तेव्हा त्याच्या ओंजळीत एक लहानशी मासोळी आली. त्याने ती कमंडलूत ठेवली. रात्रीत ती वाढली आणि म्हणाली, इथे मला पुरत नाही. त्याने मोठ्या भांड्यात ठेवली, मग सरोवरात, शेवटी समुद्रात. ही कथा मी किती वेळा सांगितली! पण एक गोष्ट कधी ध्यानात आली नाही. त्या मासोळीने खाऊ मागितला नाही, जागा मागितली. आणि राजाने तिचे ऐकले. आपल्या मनातले दान तिच्या गळ्यात बांधले नाही. ते ऐकले, म्हणून तो मत्स्यरूपी भगवंत त्याला ओळखता आला.

नाथमहाराजांचेही तसेच. रामेश्वरी न्यायची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, असे आपण भक्तीने सांगतो. नाथांनी त्या गाढवाला बुक्का लावला नाही, प्रसाद दिला नाही. त्याला तहान लागली होती, म्हणून पाणी दिले. आधी त्याच्याकडे पाहिले, मग कावड उतरवली.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. देवाला भाव पुरतो, कारण त्याला कशाचेच उणे नाही. तुम्ही पान वाहा की पाणी वाहा, तो तृप्तच आहे. जीवाला मात्र उणे असते. कोणाला श्वासाचे, कोणाला पाण्याचे, कोणाला एकांताचे. त्याच्यापाशी नुसता भाव घेऊन गेलो तर आपले समाधान होते, त्याचे उणे तसेच राहते, कधी वाढतेही. आणि देव सर्वांभूती आहे असे म्हणणाऱ्याने तर इथे अधिकच सावध असावे.

कोणी म्हणेल, "महाराज, मग आधी सगळे शास्त्र शिकावे आणि नंतर दया करावी काय? तोवर जीव मरेल." माउली, तसे नाही. मी शिकलो तो एका वाक्याने. थोडे थांबून पाहावे आणि जाणत्याला विचारावे, मग तो जाणता कोणत्याही धंद्याचा असो. हात उचलण्याआधी एवढा धीर धरणे हाही भावाचाच भाग आहे. एरवी आपल्या दयेत आपलेच कौतुक अधिक असते.

आपल्या हाती आहे ते थोडके आहे, पण होण्यासारखे आहे. निर्माल्य पाण्यात न सोडता निर्माल्य कलशात द्यावे किंवा त्याचे खत करून तुळशीला घालावे. तलावात कणीक, पाव टाकू नये. मासे पहाटे तोंड वर काढताना दिसले तर महापालिकेला कळवावे. कारंजे चालले, पाणी हलते राहिले, तरी त्यांना श्वास मिळतो. डोंबिवलीच्या गॅलरीत कमळाचे टोपले किंवा माशांचा हौद असेल, तर चैत्र-वैशाखात त्यावर सावली धरावी, सडकी पाने काढावीत, आणि नळाचे पाणी बादलीत रात्रभर ठेवून मग थोडेथोडे घालावे. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना पाहून आपला जीव कळवळतो. तो कळवळा घराजवळच्या पाण्यापर्यंतही यावा.

मी अजूनही काकडा झाल्यावर तलावावर जातो. पंचा रिकामा असतो. काठावर अडकलेले हार, पिशव्या काठीने ओढून बाजूला करतो, तेवढेच आता जमते. घरी येताना मन पूर्वीसारखे हलके होत नाही. मेलेल्या माशांची आठवण सोबत असते. ती असावी, असेच मी विठ्ठलाजवळ मागतो.

रामकृष्णहरी.