खजूर, सुन्नत आणि प्रमाण

रमजानच्या सायंकाळी मगरिबची अजान होते आणि दस्तरखानावरचे हात प्रथम खजुराकडे वळतात. ओला ताजा खजूर, तो नसल्यास वाळलेला, तोही नसल्यास पाण्याचे काही घोट, अशा क्रमाने प्रेषित मुहम्मद (स.) रोजा सोडत, असे हजरत अनस (रजि.) यांनी सांगितले आहे. या फळाशी आपले नाते चवीपेक्षा प्रेमाचे अधिक आहे. म्हणूनच एक प्रश्न विचारताना मन कचरते. जी वस्तू हलाल आहे, पौष्टिक आहे, शिवाय प्रेषितांना (स.) प्रिय होती, ती माणसाला अपाय करू शकते काय?

काही वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर, जुम्याच्या बयानात मी खजुराची महती सांगितली. पहिल्या सफीत नित्य उभे राहणारे एक वृद्ध चाचा मधुमेहाचे रुग्ण होते. मिठाई त्यांनी केव्हाच सोडली होती. परंतु त्या रमजानमध्ये ते इफ्तारला दहा-बारा खजूर खाऊ लागले आणि सहरीलाही तितकेच. मुलाने हटकले की म्हणत, "सुन्नतीने कोणी आजारी पडते का?" अखेरच्या दहा दिवसांत त्यांची साखर इतकी वाढली की त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. रोजे सुटले, तरावीह सुटली. मी भेटायला गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "मौलाना, माझे इमानच कमी पडले असेल." मी मान खाली घातली. त्यांच्या इमानात उणीव नव्हती, माझ्या बयानात होती. मी खजुराचे गुण सांगितले होते, प्रमाण सांगितले नव्हते.

खजुरात तंतू आहेत, पोटॅशियम आहे, त्वरित शक्ती देणारी साखर आहे. दिवसभर उपाशी राहिलेल्या देहाला त्याने आधार मिळतो. पण फळ वाळते तेव्हा पाणी उडून जाते आणि साखर मागे राहते. 100 ग्रॅम खजुरात सुमारे 65 ग्रॅम साखर असते. मोठ्या आकाराचे दहा मेडजूल खजूर म्हणजे दीडशे ग्रॅमांहून अधिक साखर. मधुमेही रक्ताला हे ओझे पेलत नाही. ज्यांचे मूत्रपिंड दुर्बल आहे, त्यांच्या शरीरात पोटॅशियम साचून हृदयाला धोका संभवतो. निरोगी माणसालाही अतिरेकाने पोटफुगी, दातांची कीड आणि वाढते वजन यांना तोंड द्यावे लागते. "अति तेथे माती" ही आपल्या मराठीतील म्हण गोड फळालाही लागू पडते.

याचे उत्तर सुन्नतीतच आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत हजरत उम्मुल मुन्जिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. त्यांच्या घरी खजुराचे घड टांगलेले होते. प्रेषित (स.) त्यातून खाऊ लागले, तेव्हा हजरत अलीही (रजि.) खाण्यासाठी उठले. ते नुकतेच आजारातून उठत होते. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले. पुढे जव आणि पालेभाजी शिजवून आणली गेली, तेव्हा त्यातून घेण्यास सांगितले, कारण ते त्यांना अधिक हितकारक होते.

या प्रसंगावर क्षणभर थांबून विचार करावा. फळ तेच, घड तोच, बैठकही एकच. एकाने खाल्ले आणि दुसऱ्याला थांबविले गेले. म्हणजे वस्तूचे चांगलेपण पुरेसे नाही; ती कोणासाठी, कोणत्या अवस्थेत आणि किती, हेही पाहावे लागते. हजरत अलींनी (रजि.) हात आवरला, यात त्यांच्या इमानाला बाध आला नाही. उलट तो हात आवरणे हेच आज्ञापालन होते. आमचे चाचा खजूर खाऊन जी सुन्नत पाळू पाहत होते, ती त्यांच्यासाठी खजूर ठेवून देण्यातही होती.

पवित्र कुरआनच्या सूरह आराफमधील 31 वी आयत खाण्यापिण्याची मुभा देते आणि त्याच वाक्यात अतिरेकाला मनाई करते. ही मनाई हराम वस्तूंविषयी नाही. हराम तर थोडेही चालत नाही. मर्यादेचा प्रश्न उद्भवतो तो हलालच्याच बाबतीत. म्हणून इसराफ म्हणजे केवळ अन्न फेकणे, हा समज अपुरा आहे. गरजेपलीकडे पोटात ढकललेला घासही इसराफच होय. देह ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब द्यावयाचा आहे.

ही जबाबदारी एकट्या खाणाऱ्याची नाही. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. मधुमेही पाहुण्याने हात आखडला की, "बरकतीची वस्तू आहे, नाही म्हणू नये," असे आपण सहज बोलून जातो. त्या शब्दांनी आपण त्याच्या पथ्याला श्रद्धेच्या विरोधात उभे करतो. हा अन्याय आहे, तो टाळावा. रुग्णाने रोजा आणि आहार या दोहोंविषयी रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांनी एक खजूर सांगितला तर एक. मुळीच नको म्हटले तर पाण्याने रोजा सोडावा. पाण्याने रोजा सोडणे हीसुद्धा सुन्नतच आहे.

चाचा बरे झाले. पुढच्या रमजानमध्ये त्यांना रोज्यांची सवलत होती. तरी इफ्तारच्या वेळी ते मशिदीत येऊन बसत आणि खजुराचे ताट इतरांपुढे सरकवीत. त्यांच्या हाती पाण्याचा पेला असे. त्या वर्षी जुम्याच्या बयानात मी खजुराची महती पुन्हा सांगितली आणि तिच्यासोबत हजरत अलींचा (रजि.) तो प्रसंगही सांगितला.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या देणग्यांची कदर आणि त्यांचे प्रमाण, दोन्ही ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.