लंगडत निघालेला याकोब

शास्त्रभाग : उत्पत्ति 32:22-32



यब्बोकाच्या उतारापाशी याकोबाने रात्रभर झोंबी केली हे आपण जाणतो. पहाटेस त्याला आशीर्वाद मिळाला, नवे नाव मिळाले, जीवही वाचला. आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. आशीर्वाद पावलेला व लंगडणारा हा एकच मनुष्य होय. त्याची जांघ पुढे बरी झाली असे शास्त्रात लिहिलेले नाही.

हा भाग आठवण्यास कारण झाले. मागे धुळ्यास पांझरेपलीकडे देवपुरात एका बंधूंच्या घरी आम्ही गेलो होतो. सात वर्षांपूर्वी त्यांच्या गालाच्या कर्करोगावर मुंबईस शस्त्रक्रिया झाली व नंतर किरणोपचार, ज्यास आपले लोक शेक देणे म्हणतात, तेही झाले. ते परतले तेव्हा त्यांच्या गावच्या मंडळीने उपकारस्तुति करून जेवण घातले. पानात कळण्याची भाकरी, भरीत व ठेचा होता. बंधु थोडा वेळ पानापुढे बसले आणि उठून गेले. पुढे ते प्रीतिभोजनास येईनात. मग प्रभुभोजनासही येईनात. देवाने वाचविले आणि हा देवाला विसरला, असे लोक बोलू लागले. उपदेशकांनीही त्यांस समज दिली. आम्ही तेथे असतो तर हेच केले असते, हे कबूल केले पाहिजे.

देवपुरात त्यांनी आम्हांस कारण सांगितले नाही, दाखविले. निरोगी मनुष्याच्या तोंडात आपलीच तीन बोटे उभी मावतात. त्यांचे तोंड एका बोटाएवढेच उघडते. किरणांनी लाळेच्या ग्रंथि सुकल्या आहेत, म्हणून भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. तिखट लागताच तोंडाची आग होते. प्रभुभोजनाचा कोरडा तुकडा एकदा घशाशी अडकला व सर्वांदेखत ठसका लागला. त्या दिवसापासून ते आले नाहीत.

रोग गेला तरी उपचारांच्या खुणा मागे राहतात. काही तर पुष्कळ वर्षांनी प्रगट होतात. मानेवरील शस्त्रक्रियेत खांद्याच्या शिरेस इजा पोहोचली तर हात डोक्यावर जात नाही. अशा मनुष्यास घमेले उचलता येत नाही म्हणून आळशी म्हणू नये. मानेला शेक मिळालेल्यांची गळ्यातील थायरॉईड ग्रंथि हळूहळू मंदावते, थकवा येतो, अंग जड होते. रक्त तपासून रोजची एक गोळी घेतल्याने त्यास उतार पडतो. स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या भगिनींचा हात वर्षांनंतरही सुजू शकतो. काही औषधांनी तळपाय बधिर होतात आणि शेतात काटा मोडला तरी कळत नाही. उपदेशकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी : जबड्यास शेक मिळालेल्याचा दात दुखू लागला तर तो गावात उपटू देऊ नये. त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो व जखम भरत नाही. दंतवैद्यास आधी सर्व हकीकत सांगावी.

2004 साली शरद पवार यांच्यावर तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांचा चेहरा व उच्चार बदलला हे सर्व महाराष्ट्राने पाहिले. राजकारणाशी आम्हांस येथे कर्तव्य नाही. परंतु 2019 च्या ऑक्टोबरात साताऱ्यास भर पावसात ते बोलले, तेव्हा उच्चार अस्पष्ट म्हणून लोक उठून गेले नाहीत. पुढाऱ्यास मिळणारा हा धीर आपल्या मंडळीत शेजारच्या बंधूस का मिळू नये?

आता त्या अध्यायाचे शेवटले वचन पाहा. आपण ते बहुधा घाईने वाचून टाकितो. याकोबाच्या जांघेस स्पर्श झाला म्हणून त्याच्या वंशजांनी जांघेचा तो स्नायु खाणे सोडले. बापाचे लंगडणे त्यांनी चुलीपाशी लक्षात ठेविले! लंगडण्याबद्दल त्यांनी बापास दोष दिला नाही. आपले जेवण बदलले. आमच्या पंगतीत मात्र भाकरी तीच राहिली व बंधु गेले.

आम्ही त्या गावी जाऊन मंडळीशी बोललो. स्वयंपाक करणाऱ्या एका वृद्ध भगिनीने ऐकून घेतले आणि एवढेच विचारिले, "मुगाची खिचडी पातळ केली तर चालेल ना?" येत्या प्रभुभोजनास येण्याचे बंधूंनी कबूल केले आहे. पाण्याची बाटली ते आणणार आहेत. तुकडा भिजविण्यास वाटी व लहान चमचा आम्ही नेणार आहोत.