दोघांनाही शून्य

टाळ्या वाजवून झाल्या असतील तर बसा. आता मी बोलणार आहे, आणि मला टाळ्या नकोत.

ठराव होता, 'युरोपनं हवामानाची उद्दिष्टं शिथिल करावीत.' बाजूनं बोलणारा म्हणाला, युरोपचे कारखाने पर्यावरणवाद्यांनी मारले. विरोधात बोलणारीनं वितळत्या बर्फाचं वर्णन केलं आणि भांडवलदारांना शिव्या घातल्या. दोघांचा आवाज उत्तम, हातवारे उत्तम, पाठांतर तर फारच उत्तम. अभ्यास दोघांचाही नाही. शेवटी दोघंही हातांचा तराजू करून 'सुवर्णमध्य साधायला हवा' म्हणत खाली उतरलात. कशाच्या आणि कशाच्या मधला? स्पर्धेतले परीक्षक हे चालवून घेतील, मी घेणार नाही.

आधी तू, ठरावाच्या बाजूचा. ऊठ. मारिओ द्राघींच्या अहवालाचं नाव मोठ्या रुबाबात घेतलंस. युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा, सप्टेंबर २०२४ चा अहवाल. युरोपातल्या कंपन्यांना वीज अमेरिकेच्या दुप्पट-तिप्पट आणि नैसर्गिक वायू चौपट-पाचपट भावानं पडतो, हे आकडे बरोबर सांगितलेस. आकडे सांगितलेस आणि लगेच हरित धोरणाच्या नावानं खडे फोडायला लागलास. मधली पायरी कुठं गेली? वीज महाग का, हे त्याच अहवालात उलगडून सांगितलंय. तू तिथवर पोचला नाहीस, कारण अहवाल वाचलाच नाहीस, त्याच्यावरचे मथळे वाचलेस.

ऐक. युरोपच्या घाऊक वीजबाजारात मागणी पुरी करायला शेवटी जे सर्वांत महागडं केंद्र लावावं लागतं, त्याचा भाव त्या वेळी सगळ्यांनाच मिळतो. तुझ्या सोसायटीत महापालिकेचं पाणी पुरलं नाही, शेवटी एक टँकर मागवला आणि त्या टँकरच्या भावानं नळाच्या पाण्याचंही बिल लावलं, तर काय होईल? तसं. तिथला टँकर म्हणजे गॅसवर चालणारं वीजकेंद्र. २०२२ मध्ये युरोपच्या विजेत गॅसचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास होता. पण त्याच वर्षी निम्म्याहून अधिक वेळ भाव ठरवला तो गॅसनंच. आणि गॅसचा भाव? नेदरलँड्सच्या बाजारात पूर्वी मेगावॅट-तासाला वीस युरोंच्या आसपास घुटमळणारा भाव त्या ऑगस्टमध्ये तीनशेच्या वर गेला. पवनचक्क्यांनी नेला का तो?

२०२१ मध्ये युरोपीय संघाच्या गॅस आयातीतला सुमारे ४५ टक्के गॅस एकट्या रशियाचा होता. मार्च २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया गिळला. शहाण्यानं तेव्हाच दुसरा दुकानदार शोधला असता. जर्मनीत काय झालं? पुढच्याच वर्षी बाल्टिक समुद्राखालून दुसरी नॉर्ड स्ट्रीम वाहिनी टाकण्याचा करार झाला. त्याच वर्षी रेडेनचा भूमिगत गॅससाठा, जर्मनीतला सर्वांत मोठा, रशियाच्या गाझप्रॉम कंपनीच्या ताब्यात गेला. २०२१ च्या हिवाळ्याआधी तो नीट भरलाच नाही. रशियाचे रणगाडे युक्रेनवर फेब्रुवारी २०२२ मध्ये चालून गेले, कोठार त्याआधीच तळाला गेलं होतं. हे सगळं कुठल्या हरित करारात लिहिलं होतं? युरोपचा हरित करार आला डिसेंबर २०१९ मध्ये. क्रिमिया नाही, रेडेन नाही, यातलं एकही साल तुझ्या भाषणात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण तुझ्यासाठीच जपून ठेवलेली दिसते.

बस खाली. आणि तू हसू नकोस, आता तुझीच पाळी आहे.

तू म्हणालीस, युरोपीय संघानं १९९० पासून उत्सर्जन सुमारे ३७ टक्क्यांनी घटवलं आणि अर्थव्यवस्था वाढतच राहिली. खरं आहे, आणि ही लहान गोष्ट नाही. २०२४ मध्ये तिथं सौरऊर्जेनं कोळशाहून जास्त वीज दिली. ही तुझ्या बाजूची गोष्ट होती, तीही तुला सापडली नाही. पण घट झाली म्हटल्यावर ती कशानं झाली, हे विचारायचं असतं. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये बीएएसएफ या रसायन कंपनीनं खताला लागणाऱ्या अमोनियाच्या दोन प्रकल्पांपैकी एक बंद करायचं २०२३ मध्ये जाहीर केलं. स्लोव्हाकियातल्या स्लोवाल्कोनं २०२२ मध्ये धातुकापासून ॲल्युमिनियम काढणं थांबवलं. तिथलं धुराडं थंड झालं की युरोपचा तक्ता सुधारतो. पण शेतकऱ्याला खत लागतंच, खिडक्यांना ॲल्युमिनियम लागतंच. ते परदेशात कोळशावर तयार होऊन जहाजानं आलं, तर कार्बन कमी झाला की नुसता गाव बदलून बसला? कामगाराची नोकरी गेली आणि हवाही सुधारली नाही, यावर तुझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

आणि अणुवीज? अख्ख्या भाषणात तो विषय नाही. गैरसोयीचा म्हणून गाळलास, हे मला कळत नाही असं समजू नकोस. १५ एप्रिल २०२३ ला जर्मनीनं शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या: इसार-२, एम्सलँड आणि नेकारवेस्टहाइम-२. चालत्या, धडधाकट भट्ट्या. त्याच वर्षी जानेवारीत ल्युत्सेराट नावाचं खेडं पोलिसांकरवी रिकामं केलं गेलं. कशासाठी? तर जमिनीखालचा लिग्नाइट काढायला. दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या कारकिर्दीत झाल्या आणि त्या सरकारात हरित पक्ष होता. त्या वर्षी जर्मनीत कोळशाची वीज घटली, हे मला माहीत आहे. हात खाली घे. भट्ट्या चालू असत्या तर आणखी घटली असती. आधी कोळसा बंद करायचा आणि मग अणुभट्ट्या, हा साधा क्रम जर्मनीनं उलटा लावला. चान्सेलर मर्केलबाईंच्या सरकारनं २०१० मध्ये भट्ट्यांची मुदत वाढवली होती. २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अणुअपघात झाला, बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याची निवडणूक दारात आली आणि काही महिन्यांतच सगळं फिरलं. मतांवर डोळा ठेवून घेतलेल्या निर्णयाला हवामानाची कळकळ म्हणायची असेल तर म्हण, पण माझ्या वर्गात नको.

आता दोघंही ऐका. तुम्ही दोघांनीही जे टाळलंत ते सर्वांत रटाळ आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत. तारा!

उत्तर समुद्राकडचा वारा वीज देतो. ती लागते जर्मनीच्या दक्षिणेतल्या मोटारींच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांना. दोन्ही टोकं जोडणारी ज्यूडलिंक नावाची सुमारे सातशे किलोमीटरची वाहिनी २०२२ मध्ये सुरू व्हायची होती. शेवटच्या अणुभट्ट्या मुळात बंद व्हायच्या ठरल्या होत्या, त्याही २०२२ मध्येच. म्हणजे कागदावर आखणी चोख होती. मग उंच मनोऱ्यांविरुद्ध गावोगाव लोक उभे राहिले आणि दक्षिणेतल्या बव्हेरिया राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री होर्स्ट झेहोफर त्यांच्या पुढे. २०१५ मध्ये ठरलं, तारा जमिनीखालून न्यायच्या. खर्च फुगला, आखणी पहिल्यापासून सुरू झाली, आता २०२८ ची भाषा चालू आहे. त्याच बव्हेरियानं २०१४ मध्ये नियम केला होता, की पवनचक्की तिच्या उंचीच्या दहापट अंतरावर, वस्तीपासून लांब हवी. दोनशे मीटरची चक्की असेल तर दोन किलोमीटर. चहूकडे खेडी विखुरलेल्या त्या मुलखात अशी जागा शोधून दाखवा. २०२२ पासून नियम सैल केला, म्हणजे वरातीमागून घोडं. मनोरे नकोत, चक्क्या नकोत, आणि वीज मात्र स्वस्त हवी.

दरम्यान काय चाललंय? उत्तरेत वारा सुटला की वीज वाहून न्यायला वाट नसते. मग तिथल्या चक्क्या नुकसानभरपाई देऊन थांबवतात आणि अडथळ्याच्या पलीकडे, दक्षिणेत, कोळशाचं नाहीतर गॅसचं केंद्र पैसे मोजून चालू करतात. दोन्हीकडचा खर्च ग्राहकाच्या माथी, वर्षाला अब्जावधी युरो. म्हणजे धूर वाढला, भाव वाढला आणि बाहेरच्या इंधनाची गरजही वाढली, तिन्ही एकदम. तुमच्या तराजूत एक पारडं खाली गेलं की दुसरं वर जायला हवं होतं ना? इथं कुठलं वर गेलं, सांगा.

'लोकशाहीत वेळ लागतोच' हे मला ऐकवू नका. विल्हेल्म्सहाफेन आठवा. द्रवरूप गॅस उतरवून घ्यायचा एकही तळ जर्मनीत नव्हता. युद्ध सुरू झाल्यापासून दहा महिन्यांच्या आत तिथं तो उभा राहिला, डिसेंबर २०२२ मध्ये चान्सेलर शोल्त्स उद्घाटनाला हजर. तहान लागल्यावर विहीर खणली, पण खणली आणि पाणीही लागलं. गॅससाठी खास कायदा करून परवानग्या झटपट देता येतात, तर तारांना दशक का लागतं, हे तुमच्यापैकी एकानं तरी विचारायचं होतं. आता तो गॅस येतो कुठून? संघाच्या द्रवरूप गॅसपैकी निम्म्याच्या आसपास अमेरिकेतून. सौर पॅनेल्स बहुतांशी चीनमधून. ऊर्जासुरक्षा या शब्दाचा उच्चार दोघांनीही शुद्ध केलात, त्याबद्दल अभिनंदन.

करांचंही तेच. गॅसचा बॉयलर सोडा, विजेवरचा हीट पंप घ्या, असं जर्मन सरकार लोकांना सांगतं आणि घरगुती विजेवर युनिटमागे २.०५ सेंट वीजकर घेतं. युरोपीय संघानं ठरवलेल्या किमान दराच्या हे वीसपट आहे. २०२५ मध्ये नव्या आघाडीनं हा कर सगळ्यांसाठी किमान पातळीवर आणायचं लेखी कबूल केलं. अर्थसंकल्प आला तेव्हा सवलत उरली कारखाने आणि शेतीपुरती. मग हीट पंप हवे तेवढे खपत नाहीत म्हणून जनतेच्या अज्ञानावर खापर.

तुम्ही वेळ घालवलात कशावर, तर तारखांवर. नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्यावरणमंत्री ब्रसेल्समध्ये रात्रभर बसले. २०४० साठी ९० टक्के घट ठरली, पण त्यातले पाच टक्के २०३६ पासून परदेशात विकत घेतलेल्या श्रेयांवर भागवायची मुभा ठेवली. घरगुती आणि वाहनांच्या इंधनाचा कार्बनबाजार २०२७ वरून २०२८ वर ढकलला. एकानं याला शहाणपण म्हटलं, दुसरीनं विश्वासघात. तारीख मागे नेली काय आणि पुढे ओढली काय, ज्यूडलिंक त्यामुळे एक मीटरही सरकत नाही. शिवाय नियम दर दोन वर्षांनी हलवले की कारखानदार पैसे घालायला थांबतो. आर्सेलरमित्तलचं उदाहरण घ्या. ब्रेमेन आणि आयझेनह्युटेनश्टाटच्या पोलाद कारखान्यांत कोळशाऐवजी आधी गॅस, पुढे हायड्रोजन वापरायचा बेत होता, १.३ अब्ज युरोंचं सरकारी अनुदान मंजूर होतं. जून २०२५ मध्ये कंपनीनं तो सोडला. वीज परवडत नाही, हायड्रोजन मिळत नाही. अनुदान दिलं, वीज दिली नाही. आता सांगा, हे जास्त हिरवं धोरण झालं की कमी हिरवं?

स्पेनचं तर तुम्ही दोघांनीही वाटोळं केलंत. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. तू म्हणालास सौरऊर्जेनं घात केला, ती म्हणाली सौरऊर्जेचा काहीही संबंध नाही. ग्रिडमधलं व्होल्टेज वाढत गेलं, ते आवरणारी व्यवस्था तोकडी पडली आणि केंद्रं एकामागून एक सुटत गेली. फ्रान्सशी जोडणाऱ्या तारा तिथं फार पूर्वीपासून अपुऱ्या आहेत. पुन्हा तारा. पुन्हा दोघांनाही नको असलेला धडा.

सोमवारी दोघांनी बाजू बदलून बोलायचं आहे. द्राघी अहवालाच्या दुसऱ्या भागातलं ऊर्जेचं प्रकरण मुळातून वाचायचं, गाइडमधून नाही. आणि युरोपचं सीमेवरचं कार्बनशुल्क, ज्याचा उल्लेखही कुणी केला नाही, ते नीट समजून यायचं. जानेवारी २०२६ पासून सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन यांवर ते प्रत्यक्ष लागू झालंय. तिथल्या कारखान्यांना मिळणारे फुकटचे कार्बन परवाने २०३४ पर्यंत टप्प्याटप्प्यानं संपवायचे आहेत, म्हणजे शुल्काचा बोजाही टप्प्याटप्प्यानं चढणार. आपल्या रायगडातल्या डोलवीला पोलाद तयार होतं. तिथलं टनभर पोलाद अँटवर्पला उतरवायचं झालं, तर २०२६ मध्ये त्यावर किती शुल्क पडेल आणि २०३४ मध्ये किती? कोळशाच्या झोतभट्टीचा हिशेब वेगळा, विजेच्या भट्टीचा वेगळा. दोन्ही मांडून आणायचे, पायऱ्यांसकट. फळ्यावर पहिला कोण येणार, ते मी ठरवीन.