दिसत नाही ते काम

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीयांच्या दारात मोटार उभी राहू लागली. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. अशी जुनी गाडी घरी सांभाळणारा मनुष्य वर्कशॉप मॅन्युअल उघडतो, तेव्हा त्यातील एक सूचना त्याला कोड्यात टाकते: ब्रेक ऑइल ठरावीक मुदतीने बदलावे. ब्रेक उत्तम लागत असताना हा खर्च कशासाठी?

कारण हे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. पाणी मुरले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. घाट उतरताना मात्र चाकांपाशी तापलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा दाब ते बुडबुडेच गिळतात आणि पेडल तळाला जाते.

त्या क्षणी मागच्या आसनावर मुले असतात, वळणावर एखादा वाटसरू असतो. त्यांनी मॅन्युअल वाचलेले नसते. ते विश्वासाने बसलेले वा चाललेले असतात. मुदत टाळून वाचलेले पैसे आपले, धोका मात्र त्यांचाही. वाचकहो, आपल्या काटकसरीचे ओझे त्यांना न विचारता त्यांच्या जिवावर टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?