जखमी मनुष्याचे देणे कोणाकडे?

गेल्या नाताळापूर्वीच्या रविवारी सातपूर येथील आमच्या लहानशा मंडळीत उपासना आटोपल्यावर तरुण संघाने थाळी फिरविली. नाशिकरोड येथील मध्यवर्ती कारागृहातील बंदिवानांस सणानिमित्त फराळ व टॉवेल द्यावे, असा त्यांचा मानस होता. कारखान्यांत राबणारी ही आमची माणसे. महिनाअखेर असूनही कोणी हात आखडला नाही. एका विधवा भगिनीनेही पदराच्या गाठीतली घडी केलेली नोट काढून थाळीत टाकली. मग बाहेर पडताना ती दाराशी थांबली व आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, तुरुंगात जाता हे चांगलंच करता. पण माझ्या घरधन्याला ज्यानं मारलं तो असल्याच एका तुरुंगात आहे. त्याच्याकडं भजनं म्हणायला माणसं जातात, फराळ जातो. माझ्याकडं मूठमातीच्या महिन्यानंतर कोण आलं? तो रजेवर सुटून आलाय हे मला भाजीबाजारात कळलं, तेही तो समोर उभा राहिला तेव्हा."

आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे जवळ काही नव्हते.

वाचकहो, बंदिवानांची भेट घेणे ही प्रभूची आज्ञा आहे, आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात जे आपण वाचतो त्यातून एक अक्षरही मागे घेण्याचा आमचा विचार नाही. परंतु त्याच प्रभूने यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला. त्या दाखल्यात लुटारूंचे पुढे काय झाले, ते सापडले की नाही, त्यांस किती फटके बसले, याविषयी एक शब्द नाही. सारे लक्ष रस्त्यावर पडलेल्या मनुष्याकडे आहे. तेल व द्राक्षारस, जनावर, उतारशाळा, दोन दीनार, आणि अधिक लागल्यास परत येताना देण्याची बोली, एवढा तपशील प्रभूने दिला. आम्ही याजक व लेवी यांच्यावर किती उपदेश केले याची गणती नाही; आणि त्या भगिनीच्या घरावरून किती वेळा गेलो याचीही नाही.

हा केवळ आमच्या आळसाचा प्रश्न असता तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. त्याच्या मुळाशी एक विचार आहे, तो असा की, अपराध घडला म्हणजे देणे कोणाचे होते? न्यायालयात खटला उभा राहतो तो सरकार विरुद्ध अमुक असा. मेलेल्याची बायको त्यात साक्षीदार म्हणून येते, शपथ घेते, उलटतपासणी सोसते आणि घरी जाते. दंड भरला तर तो तिजोरीत जातो. शिक्षा भोगली तर देणे फिटले असे म्हणतात. कोणाचे फिटले? मोशेच्या शास्त्रात तसे नाही. बैल किंवा मेंढरू चोरले तर पाचपट किंवा चौपट भरून द्यावयाचे ते ज्याचे गेले त्याला. आणि गणनाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे अपराध्याने आपले पाप कबूल करून मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून ती ज्याचा अपराध केला त्याच्याच हाती द्यावयाची. अर्पण त्यानंतर.

येथे कोणी एक्कावन्नावे स्तोत्र पुढे करील. दावीद तेथे आपले पाप केवळ देवाविरुद्ध झाले असे म्हणतो. खरे, परंतु ते स्तोत्र गाताना उरीयाला विसरू नये. उरीया मेला होता. त्याला परत द्यावयास दाविदाजवळ काही उरले नव्हते, आणि त्या पश्चात्तापाची भयंकरता आमच्या मते यातच आहे. देवाची क्षमा उरीयाच्या घरची चूल पुन्हा पेटवीत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातील एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एक शेतकरी व त्याची बायको रात्री शेताची राखण करीत होती. तिघे जण बांधाजवळून चालले, कुत्रे भुंकले, एकाने कुत्र्यास लोखंडी नळी मारली. शेतकऱ्याने हरकत घेतली. शब्दास शब्द लागला, झटापट झाली, आणि तीच नळी त्याच्या डोक्यात बसली. थोड्याच दिवसांत तो मेला. कुत्र्याच्या भुंकण्यावरून एक घर गेले! ३ मे २०१३ रोजी निकाल लागला. खुनाचा आरोप सौम्य ठरून मुख्य आरोपीस पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. परंतु न्यायमूर्तींनी तेवढ्यावर कागद मिटला नाही. पीडितास भरपाई देववण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयास १९७३ च्या संहितेच्या कलम ३५७ ने दिलेला आहे, १८९८ च्या जुन्या संहितेतही त्याची सोय होती, आणि तरी खालच्या न्यायालयांनी या बाबतीत विचारच केला नाही, असे त्यांनी खेदाने नमूद केले. भरपाई द्यावी की नाही याचा प्रत्येक खटल्यात विचार झालाच पाहिजे व कारणे लिहिली पाहिजेत, असा दंडक घालून निकालाची प्रत सर्व उच्च न्यायालयांकडे धाडली. मात्र त्या खटल्यापुरते पाहता फार वर्षे लोटली होती. ती बाब पुन्हा खाली पाठविली गेली नाही. पुढच्या विधवांसाठी नियम झाला, आणि ज्या विधवेच्या दुःखातून तो झाला तिच्या पदरात त्यातले काही पडले नाही.

कायद्याने आणखी एक पाऊल टाकले आहे, आणि आमच्या खेड्यांतील उपदेशकांनी ते नीट समजून घ्यावे. ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३५७-अ अमलात आले; १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. तिचा आशय असा की, अपराध्याकडून काही मिळो वा न मिळो, तो सापडो वा न सापडो, पीडितास किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांस भरपाई देण्याची योजना राज्याने केली पाहिजे. महाराष्ट्राची योजना २०१४ साली झाली. त्याआधी ऑक्टोबर २०१३ मध्ये बलात्कार, बालकांवरील अत्याचार व आम्लहल्ला यांस बळी पडलेल्यांसाठी मनोधैर्य योजना सुरू झाली. तिची मर्यादा पुढे दहा लाख रुपयांपर्यंत वाढविली गेली. भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. चौकशी दोन महिन्यांत पुरी करावी असे कायदा म्हणतो. वकील लावावा लागत नाही. आमच्या मंडळ्यांत लग्नाची पत्रिका व बाप्तिस्म्याचा दाखला लिहून देणारे पुष्कळ आहेत. हा अर्ज लिहून देणारे किती, ते ज्याने त्याने पाहावे.

सरकारने दिले, ठीक. परंतु अपराध्याने काय दिले? २४ सप्टेंबर १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतून आलेल्या एका प्रकरणात सांगितले की, सक्तमजुरीच्या बंदिवानास न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे, आणि त्या मजुरीचा काही भाग पात्र पीडितांच्या भरपाईसाठी वेगळा काढण्याचा कायदा राज्यांनी करावा. दिल्लीच्या तुरुंगांत चौथा हिस्सा कापण्याचा नियम झाला. त्यास पुढे उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. आव्हान देणारांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. बंदिवानाची मजुरी ती केवढी! त्यावर त्याचीही लेकरे टपून असतात, आणि त्या लेकरांनी कोणाचा खून केलेला नाही. शिवाय न कळत कापलेला पैसा कोठल्यातरी निधीत पडून राहिला तर तो कर झाला. भरपाई झाली नाही.

तरीही आमचे मत कापण्याच्या बाजूचे आहे. १ मे २०२२ पासून येरवडा येथे महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने 'जिव्हाळा' नावाने बंदिवानांस ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देण्यास आरंभ केला. जामीनदार नाही, गहाण नाही. बंदिवानाची उरलेली शिक्षा व तुरुंगात होऊ शकणारी कमाई पाहून कर्ज ठरते, आणि ते त्याच्या घरच्यांच्या उपयोगी पडते. ही गोष्ट चांगली आहे. पण ज्या मजुरीवर बँक विश्वास ठेवते, त्या मजुरीवर विधवेचा काहीच हक्क नसावा काय? जक्कयाने झाडावरून उतरताच पैशाची गोष्ट काढली, आणि प्रभूने त्याला थांबविले नाही. आमचे म्हणणे एवढेच की, बंदिवानाला कळले पाहिजे की ही रक्कम अमुक घरी जात आहे. पौल स्वतः बंधनात असताना अनेसिमासाचे देणे आपल्या नावे मांडावयास फिलेमोनास लिहितो. तुरुंगातूनही हिशेब चुकविता येतो, एवढे तरी त्या लहानशा पत्रावरून दिसते.

आता क्षमेविषयी. येथे आम्ही पाळकमंडळी फार घाई करतो. प्रेत घरात असतानाच आम्ही विधवेस क्षमेचे वचन वाचून दाखवितो, आणि ती रडली तर आमचे समाधान होते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन मुलगे गाडीत जाळले गेले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांस क्षमा केली हे आपल्या सर्व मंडळ्यांस ठाऊक आहे. परंतु दोन गोष्टी आपण सांगताना गाळतो. क्षमेमुळे खटला थांबला नाही, आणि ती क्षमा त्यांची स्वतःची होती. कोणा पाळकाने त्यांच्या वतीने ती वाटली नव्हती. दुसऱ्याच्या जखमेवरची क्षमा वाटण्याचा अधिकार आम्हांस कोणत्या दीक्षेने मिळाला?

नाशिकहून सातपूरच्या बाजूस येताना शरणपूर लागते. गणनाच्या पस्तिसाव्या अध्यायात शरणपुरे आहेत ती हातून चुकून मनुष्यवध झालेल्यासाठी. चर्च मिशनरी सोसायटीच्या आमच्या शरणपुरात मात्र एकोणिसाव्या शतकात आश्रय मिळाला तो ज्यांच्यावर अपराध झाला त्यांना. ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबते पकडली म्हणजे त्यांतील आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात. गलबत जप्त झाले, कायद्याचे काम संपले. पोरे तशीच उभी. त्यांतील पुष्कळांस येथे घर मिळाले, अक्षर मिळाले, सुतारकी-लोहारकी मिळाली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यास आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटीजवळ उभा राहिला. त्या मुलांस पकडणाऱ्यांस काय शिक्षा झाली हे शरणपुरात कोणी विचारीत बसले नाही. मुलांस भूक लागली होती.

नाताळानंतरच्या आठवड्यात आम्ही मंडळीच्या सेक्रेटरीस बरोबर घेऊन त्या भगिनीकडे गेलो. तिने चहा ठेवला. निकालाची नक्कल तिच्याजवळ पिशवीत होती, कोणी वाचून दाखविली नव्हती. सेक्रेटरींनी ती सावकाश वाचली. अर्ज तेथेच लिहिला, दुसऱ्या दिवशी प्राधिकरणाच्या कचेरीत नेऊन दिला. उत्तर यावयाचे आहे. पैशाविषयी तिने फारसे विचारले नाही. तो पुन्हा कधी रजेवर येणार हे आधी कळेल काय, एवढेच दोनदा विचारले. तसा स्वतंत्र अर्ज तुरुंगाच्या अधीक्षकांकडे आम्ही केला आहे.

निघताना आम्ही थाळीतली तिची नोट परत देऊ केली. ती घेईना. म्हणाली, "ती त्यांच्यासाठीच दिलेली आहे, पाळकसाहेब. त्यांचीही पोरं असतील."