‘नालायक’ आणि ‘असमर्थ’



दहावीचा निकाल लागला की काही घरांत एक शब्द हमखास ऐकू येतो : ‘नालायक!’ अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘योग्य नसलेला’. आज आपण तो शिवी म्हणूनच वापरतो. ‘असमर्थ’ हा शब्द वेगळा आहे. एखादे काम करण्याचे सामर्थ्य ज्याच्याकडे नाही, तो असमर्थ. हा शब्द माणसाची अडचण सांगतो. ‘नालायक’ मात्र त्याची किंमतच काढतो. मूल असमर्थ ठरते आणि आपण त्याला नालायक म्हणतो, इथेच आपले चुकते.

निर्गमच्या चौथ्या अध्यायात मोशे देवाला सांगतो की, मला नीट बोलता येत नाही. ‘तुझ्यात काही कमी नाही’ असे देव म्हणत नाही. ‘मी तुझ्याबरोबर असेन’ असे आश्वासन देतो. तरीही मोशे टाळाटाळ करतो, तेव्हा देव रागावतो. पण त्या रागातही तो मोशेला टाकून देत नाही; त्याचा भाऊ अहरोन त्याच्या सोबतीला देतो.

फ्रान्समधील संत जॉन मेरी व्हियानी यांना लॅटिन काही केल्या जमत नव्हते. शिक्षण अर्धवट राहण्याची वेळ आली. परंतु फादर बाले या धर्मगुरूंनी त्यांना जवळ ठेवून चिकाटीने शिकवले. 1815 साली व्हियानी यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे आर्स या लहानशा खेड्यात दूरदूरचे लोक त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी येऊ लागले. आज ते धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत. फादर बाले हे त्यांचे अहरोन होते.

आपल्या घरात, शेजारी असा कोणी आहे का? गणितात अडखळणारे मूल, काम सुटलेला भाऊ, अंथरुणाला खिळलेली आजी? त्यांना शब्दांचा मार नको, अहरोन हवा आहे.

प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी, वेदीवरील धर्मगुरूंसह आपण सारेच कबूल करतो की, प्रभो, आम्ही योग्य नाही. तरीही प्रभू येतो. मग घरी परतल्यावर दुसऱ्याला नालायक म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे प्रभो, आमच्या जिभेला आवर घाल आणि आम्हांला कुणाचा तरी अहरोन कर. आमेन.